दारू सोडतानाचे पहिले पाच दिवस : सोलापूरच्या घरांनी काय जाणून घ्यावं

आषाढीला माळ घालायची आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवायचं नाही, असा निश्चय सोलापूर जिल्ह्यात दर वर्षी कितीतरी माणसं करतात. कुणी श्रावणाचा मुहूर्त धरतं, कुणी मुलीचं लग्न ठरल्यावर देवापुढे शपथ घेतं. निश्चय खरा असतो. घरही सुखावतं. मग तिसऱ्या रात्री माणूस अंथरुणातून उठून भिंतीवरचे नसलेले किडे झटकायला लागतो, समोर नसलेल्या माणसाशी भांडतो. अंग घामानं ओलंचिंब, हात थरथरतात, घरातलं माणूस ओळखू येत नाही. कुणी म्हणतं बाहेरचं आहे, कुणी म्हणतं अंगात आलंय. लिंबू उतरवला जातो, अंगारा लावला जातो, जाणत्याला बोलावणं जातं. यात पुढचे दहाबारा तास निघून जातात आणि रोग्याच्या जिवाचा निकाल नेमका त्याच तासांत लागत असतो.

या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. डॉक्टर नुसतं ‘डीटी’ म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यातले शंभरात पंधरापर्यंत रुग्ण दगावू शकतात. वेळेत दवाखाना गाठला तर हे प्रमाण अगदी थोड्यावर येतं. बाहेरची बाधा नव्हे आणि नाटकही नव्हे. वर्षानुवर्षं रोज दारू मिळणाऱ्या मेंदूला ती अचानक मिळेनाशी झाली की हे घडतं. दारूचे दुष्परिणाम सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण रोज भरपूर पिणाऱ्यानं ती एकदम बंद करणंही जिवावर बेतू शकतं, हे फार कमी घरांना ठाऊक असतं. म्हणून हा लेख मुख्यतः त्या पहिल्या पाच दिवसांबद्दल आहे.

किती जण, आणि त्यातले किती डॉक्टरपर्यंत पोचतात

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेलं व्यसनांचं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक, म्हणजे १४.६ टक्के, दारू पितात असं त्यात आढळलं. त्यातल्या साधारण ५.७ कोटी लोकांचं पिणं उपचार किंवा मदत लागावी इतकं बिघडलेलं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी १३.९ टक्के आणि स्त्रियांपैकी ०.४ टक्के दारू घेतात. स्त्रियांचा आकडा घरी येऊन विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरातून आलेला आहे, हे तो वाचताना ध्यानात ठेवावं.

एम्सच्या त्याच सर्वेक्षणातली एक नोंद सगळ्यांत जास्त बोचते. दारूचं व्यसन जडलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० जणांत एकाला. बाकीचे लपवत राहतात, नाहीतर आपापल्या हिमतीवर सोडू पाहतात. हिमतीवर सोडणाऱ्यांतलेच काही जण तिसऱ्या रात्रीच्या त्या अवस्थेत सापडतात.

पिण्याचा हिशोब ग्रॅममध्ये करा

‘थोडीच घेतो’ या उत्तरावरून डॉक्टरला काहीच कळत नाही. हिशोब शुद्ध अल्कोहोलचा करायचा. १० ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक मात्रा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमच्या ३० मिलीत एक मात्रा असते. नाइंटीत तीन आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सहा. ‘मी फक्त बिअर पितो’ म्हणणाऱ्यांनी बाटलीवरचा आकडा वाचावा : ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत चार मात्रा होतात. म्हणजे दोन बाटल्या बिअर क्वार्टरपेक्षा जास्त भरते.

यकृत तासाला साधारण एक मात्रा निकालात काढतं. अंघोळ, लिंबूपाणी, कडक चहा यांनी हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवलेल्याच्या रक्तात पहाटेपर्यंत दारू असू शकते, आणि रक्ताच्या १०० मिलीमध्ये ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्यानं पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

व्यसन जडलंय का, हे जोखायला डॉक्टर चार सोपे प्रश्न विचारतात. आपण कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला किंवा उतारा म्हणून घ्यावी लागते का? दोन उत्तरं ‘हो’ आली तर डॉक्टरशी बोलायला हवं. आमच्या मते चौथ्या प्रश्नाचं ‘हो’ एकटंच पुरेसं आहे. ज्याला सकाळी लागते, त्यानं स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नये.

सोलापुरात पेल्यात काय काय असतं

देशी आणि विदेशी दारूत किती अल्कोहोल आहे ते निदान लेबलवर छापलेलं असतं. हातभट्टीचा असा काही भरवसा नाही. गुळाचं पाणी, नवसागर, तुरटी यांचं रसायन पिंपात आंबवायचं, मग भट्टीवर चढवून वाफ थंड करायची. एका धारेचा कडकपणा दुसरीला नसतो. मेथॅनॉल या विषाबद्दल एक गैरसमज आहे की ते गुळातूनच तयार होतं. गूळ आंबवून ते नगण्य बनतं. मोठ्या दुर्घटना झाल्या त्या कारखान्यातलं मेथॅनॉल स्वस्त पडतं म्हणून दारूत मिसळल्यानं. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती अशीच. मेथॅनॉल प्यायल्यावर सुरुवातीचे १२ ते २४ तास माणूस ठीक दिसू शकतो. यकृतात त्याचं फॉर्मिक ॲसिड झालं की पोटात कळा, धाप, आणि डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरं दिसायला लागतं. ‘काल प्यायलेली आज उतरत नाहीये आणि दिसायला कमी आलंय’ असं कुणी म्हणालं तर झोपवून ठेवू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. डायलिसिसनं जीव आणि काही वेळा दृष्टीही वाचते.

ताडीची गोष्ट सोलापूरला जवळची. ताडाचा ताजा रस गोड असतो; काही तासांत आंबून त्यात ४-५ टक्के अल्कोहोल तयार होतं. पण यंत्रमागाची पाळी संपवून आलेल्या कामगाराच्या ग्लासात बऱ्याचदा नशेसाठी क्लोरल हायड्रेट घातलेलं पाणी असतं. हे गुंगीचं रसायन आहे. दारूबरोबर गेलं की दोन्हींचा असर एकमेकांना वाढवतो. श्वास मंदावतो, झोपेतच माणूस जाऊ शकतो. रोज घेणाऱ्याला त्याची सवय लागते आणि बंद केल्यावर दारूसारखीच थरथर, भ्रम, फिट येते. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर अचानक टाच आली तेव्हा निजामाबाद आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेकडो लोक अशीच लक्षणं घेऊन रुग्णालयांत आले. ‘मी दारू पीत नाही, फक्त ताडी घेतो’ असं सांगणाऱ्यालाही म्हणून पुढचे सगळे नियम लागू आहेत.

यात धोरणाचाही एक मुद्दा आहे. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या काळात मुळेगाव तांडा आणि इतर ठिकाणी ‘ऑपरेशन परिवर्तन’ राबवलं. नुसत्या धाडी न टाकता भट्टी लावणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याकडे त्यात लक्ष दिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. अशी मोहीम जिथे जिथे निघते तिथे पिणाऱ्यांसाठीही त्याच आठवड्यात डॉक्टर आणि गोळ्या पोचायला हव्यात. भट्टी बंद झाली म्हणून पिणाऱ्याच्या मेंदूची सवय त्या दिवशी सुटत नाही.

बंद केल्यावर मेंदूत काय होतं

मेंदूत दोन प्रकारची रसायनं सतत काम करत असतात. गाबा शांत करतं, ग्लुटामेट चेतवतं. दारू गाबाच्या बाजूनं जोर लावते, म्हणून सुस्ती येते. रोज असं होत राहिलं की मेंदू तोल राखायला ग्लुटामेटची बाजू भक्कम करतो. रस्सीखेचीत एका संघानं अचानक दोर सोडला की समोरचा संघ जसा कोलमडतो, तसं दारू थांबताच चेतवणारी बाजू मोकाट सुटते. नाडी १०० च्या वर जाते, रक्तदाब चढतो, हात कापतात, झोप उडते.

याचं वेळापत्रक बरंचसं ठरलेलं आहे. शेवटच्या घोटापासून ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, घालमेल सुरू होते. ६ ते ४८ तासांच्या दरम्यान फिट येऊ शकते, तीही आधी कधीच फिट न आलेल्या माणसाला. १२ ते २४ तासांत काहींना आवाज ऐकू येतात, सावल्या दिसतात. खरी डीटी ४८ ते ९६ तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते, आणि तिच्या आधी बऱ्याचदा माणूस ‘आता बरा आहे’ असं वाटण्याजोगा असतो. घरचे नेमके तेव्हाच गाफील राहतात. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बहुतेकांचा जिवाचा धोका ओसरतो.

हेच वेळापत्रक रुग्णालयातही गाठतं. हातपाय मोडला म्हणून किंवा अपेंडिक्ससाठी माणूस दाखल होतो, लाजेपायी दारूचं कुणी सांगत नाही, आणि तिसऱ्या दिवशी तो सलाईन उपसून वॉर्डातून पळायला लागतो. कुठल्याही कारणानं दाखल होताना शेवटची दारू कधी आणि रोज किती, हे दोन आकडे डॉक्टरला सांगाच. पेशंटसमोर सांगायला अवघड वाटलं तर बाहेर गाठून सांगा.

कुणी दाखल व्हावं, कुणाचं घरी होऊ शकतं

पूर्वी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झालेला, रोज सहा मात्रांहून जास्त पिणारा, सकाळी प्यावी लागणारा, साठीच्या पुढचा, कावीळ किंवा पोटात पाणी झालेला, झोपेच्या गोळ्याही घेणारा, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणारा, गरोदर स्त्री : यातलं एकही लागू असेल तर दाखल होऊनच सोडायला हवी. सोलापूर शहरात त्यासाठी सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. मानसोपचार विभागात जायचं. डॉक्टरची भेट उद्यावर असेल तर आज रात्री घरच्यांनी बाटली फोडून टाकू नये. ज्याला सकाळी हात कापतात त्याची दारू दवाखान्यात पोचेपर्यंत एकदम तोडण्यापेक्षा थोडी थोडी कमी होत राहिलेली बरी. बायका-मुलांना हे पटायला जड जातं, पण धोका असा आहे की पटवून घ्यावं.

रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात. यकृत खराब असेल तर लोरॅझेपाम. ही औषधं गाबाची बाजू सावरतात. पहिल्या दिवशी गोळ्यांचा डोस मोठा, मग रोज कमी करत पाच ते सात दिवसांत बंद. याच गोळ्या स्वतःच्या मनानं दुकानातून आणून महिनोन्महिने घेतल्या तर दुसरं व्यसन लागतं. आणि गोळी घेऊन वर दारू प्यायली तर श्वास थांबू शकतो.

एक बारकावा मात्र नीट लक्षात ठेवा, कारण यात नेहमी गफलत होते. पिणाऱ्याचं जेवण सुटलेलं असतं. भाकरी, डाळ, शेंगदाणे यांतून मिळणारं थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, पोटात जात नाही; गेलेलं दारूमुळे नीट शोषलं जात नाही. शरीरातला साठा काही आठवड्यांत संपतो. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावतात. ग्लुकोज पचवायला थायामिन लागतं. उरलंसुरलं थायामिन त्यात खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते : माणूस गोंधळतो, पाय फाकवून झोकांड्या खातो, डोळे नीट फिरत नाहीत. याला वर्निकी म्हणतात. वेळीच आवरलं नाही तर नवं काही लक्षातच राहत नाही, आणि ती स्मृती बऱ्याचदा परत येत नाही. म्हणून आधी थायामिनचं इंजेक्शन, ग्लुकोज नंतर. सलाईन लावण्याआधी ‘हे रोज दारू पितात, बी-१ दिलंय का?’ असं डॉक्टरला विचारायला अजिबात संकोचू नका.

ज्यांचं व्यसन सौम्य आहे आणि डॉक्टरनं घरी राहायला हरकत नाही म्हटलंय, त्यांच्याजवळ पाच दिवस एक शुद्धीतला, न पिणारा माणूस चोवीस तास हवा. खोलीत मंद दिवा ठेवा. अंधारात भास वाढतात. ओआरएस, ताक, पेज थोडं थोडं देत राहा. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामानं पाणी आणि क्षार झपाट्यानं जातात, त्यामुळे जमलं तर सोडण्याची तारीख त्या दिवसांत धरू नये. फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू हटवा, घड्याळ बघा. चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका. दारू सोडताना आलेली फिट थांबली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ ला फोन करायचा.

चोरून गोळी देऊ नका

‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. त्या पुड्यांत काय असतं हे कुणी सांगत नाही. काही घरांत डायसल्फिराम ही खरीखुरी गोळी भाजीत कालवून देतात. या गोळीमुळे दारू शरीरात अर्ध्यावरच अडते आणि ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचतं. गोळी पोटात असताना प्यायल्यास १० ते ३० मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयरोग्याचा मृत्यूही होऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा असर दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. काही खोकल्याच्या औषधांत आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्येही अल्कोहोल असतं. म्हणून डायसल्फिराम रोग्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, हृदय-यकृत तपासून आणि किमान १२ तास, शक्यतो २४ तास, दारू बंद ठेवूनच सुरू करतात.

ओढ कमी करणारी औषधं वेगळी आहेत. नाल्ट्रेक्झोन रोज ५० मिलिग्रॅम, किंवा अकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. ती महिनोन्महिने चालतात. पाच दिवसांत शरीरातून दारू काढली जाते; व्यसनाचा उपचार त्यानंतर सुरू होतो.

व्यसनमुक्ती केंद्र निवडताना मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खालचं नोंदणीपत्र दाखवायला सांगा. डॉक्टर किती वाजता येतो, रात्री कोण असतं, घरच्यांना फोनवर बोलू देतात का, हे विचारा. साखळीनं बांधणं या कायद्यानं पूर्णपणे निषिद्ध आहे. मारहाण, कोंडून ठेवणं, पाच दिवस औषधाविना ‘सुकवणं’ हे उपचार नव्हेत. असं केंद्र दिसलं तर माणसाला त्याच दिवशी बाहेर काढा.

एमडीबद्दल थोडं

ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन, म्हणजे एमडी, या अमली पदार्थाचा कारखाना पोलिसांनी पकडला आणि एमडी हे नाव सोलापूरकरांना घराजवळचं झालं. नाकातून ओढायची ही पांढरी पूड. हिची नशा दोनतीन तासांतच उतरते, म्हणून एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा ओढली जाते. दोनदोन दिवस झोप नाही, जबडा घट्ट, भूक मेलेली, वजन उतरलेलं, नाकातून रक्त, आणि सगळे आपल्या मागावर आहेत असा संशय : ही लक्षणं. सोडल्यावर दारूसारखी फिट सहसा येत नाही, पण खोल उदासी येते आणि पहिल्या दोन आठवड्यांत आत्महत्येचा धोका असतो. त्या दिवसांत मुलाला एकटं ठेवू नये. पोलिसांच्या भीतीनं पालक दवाखान्यात जात नाहीत. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, उपचार पूर्ण करण्याच्या अटीवर. केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर आणि १४४१६ या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करून मराठीत विचारता येतं.

पुन्हा प्यायली तर

पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा पिण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त असतं. पगाराचा दिवस, गावची जत्रा, लग्नाची वरात, घरातलं भांडण या वेळा आधीच हेरून त्या संध्याकाळी कुठे आणि कुणाबरोबर असायचं ते ठरवून ठेवावं. पगार काही महिने बायकोच्या खात्यात जमा करणं हाही एक उपाय आहे. रोग्याच्या संमतीनं करावा. तरीही प्यायला, तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. नाल्ट्रेक्झोन चालू असेल तर ती थांबवायची गरज नसते. डायसल्फिराम चालू असेल तर पुढची गोळी द्यायची नाही आणि चेहरा लाल, धाप किंवा चक्कर दिसली तर थेट दवाखाना. एक-दोन दिवसच प्यायला असेल तर थरथर सहसा सौम्य राहते. आठवडाभर रोज प्यायला असेल तर तासांचं ते वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आणि आधी फिट येऊन गेलेली असेल तर या वेळी घरी ठेवायचंच नाही.